रांगेतला सुभेदार

शिट्टी वाजते आणि रांगेतली निम्मी माणसं दचकून जागच्या जागी थांबतात. “एक के पीछे एक! ओ ताई, मध्ये मैत्रिणीला घेऊ नका, मागं दोन तास लोक उभे आहेत!” हिंदीत सुटलेली आज्ञा मराठीत संपते. शिट्टीवाले गृहस्थ साठीच्या उंबऱ्यावर, पाठीचा कणा सरळ, गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड. बाकी सगळ्या स्वयंसेवकांच्या चपला धुळीने माखल्या आहेत; यांचे काळे बूट मात्र लखलखताहेत. कसे, ते त्यांनाच माहीत.

नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरली आहे. दरवर्षी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरते. पहाटेची थंडी अजून हटलेली नाही, तरी स्टेशनकडून माणसांचा लोंढा येतोच आहे. वसईच्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, गोव्याची कुटुंबं, मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेली तरुण पोरं, आणि शेजारच्या वस्त्यांतल्या कपाळावर कुंकू असलेल्या कितीतरी बाया. एक मराठी मिस्सा संपते, दुसऱ्या भाषेतली सुरू होते. मेणबत्त्या विकणारा पोरगा शिट्टीवाल्या गृहस्थांकडे बघत आपली हातगाडी मुकाट्याने चार फूट मागे घेतो.

सगळे त्यांना सुभेदारसाहेबच म्हणतात, मीही तेच म्हणतो. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं. मूळ गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. त्या भागात जर्मन जेझुइट फादरांनी एकोणिसाव्या शतकात मिशन उभं केलं आणि सुभेदारांचे पणजोबा त्याच काळातले ख्रिस्ती. भरती होऊन ते इथेच, नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला आले. “कसम परेड इथलीच,” ते हाताने दिशा दाखवतात. तोफखान्याला वेगळं निशाण नसतं, तोफ हेच निशाण. तिच्या साक्षीने आणि धर्मगुरूंनी हातात धरलेल्या ग्रंथांसमोर शपथ होते. “माझ्यासमोर बायबल होतं. तेव्हा अठरा वर्षांचा होतो. बायबलपेक्षा तोफेकडंच लक्ष जास्त.”

ते फार मोठ्याने बोलतात. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा अर्धा. 1999 च्या कारगिल युद्धात ते द्रासच्या बाजूला बोफोर्सवर होते. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांवर तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली, हे आकडे मी वाचलेले आहेत. ते स्वतः आकडा सांगत नाहीत. समोरूनही गोळे येत होते आणि शेजारच्या तोफेवरचा एक जोडीदार परत आला नाही, एवढंच सांगतात, आणि लगेच एका काकूंना पाण्याची टाकी कुठे आहे ते दाखवायला निघून जातात. परत येतात ते दुसराच विषय घेऊन. मीही मागे लागत नाही.

पुढची हकिगत तुकड्यातुकड्यांत मिळते, दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात. देवावरचा विश्वास गेला असं ते म्हणत नाहीत. म्हणतात, “जायचंच बंद झालं.” पलटणीत रविवारी मंदिर परेड असते, सगळ्या धर्मांचे जवान एकत्र उभे राहतात, तेवढी हजेरी लागायची. निवृत्त झाल्यावर तीही संपली. राहिली कँटीनची रम. बायको दोन्ही मुलांना घेऊन भावाकडे श्रीरामपूरला गेली. हे सांगताना ते तिला दोष देत नाहीत, स्वतःलाही फार देत नाहीत, पावसाळ्यात छप्पर गळलं तसं सांगतात.

मग एका सिक्युरिटी एजन्सीत गार्डची नोकरी. त्या एजन्सीने त्यांना नेमकं इथं, या यात्रेच्या गेटवर उभं केलं. म्हणजे परतीची वाट भक्तीने उघडली नाही, डबल हजेरीने उघडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गर्दीकडे तोंड आणि वेदीकडे पाठ करून ते उभे असताना मागे मराठी मिस्सा चालू होती. फादरांच्या शब्दाला लोक उत्तर देत होते, आणि सुभेदारांच्या लक्षात आलं की आपणही देतोय. “तोंड आपोआप हलत होतं, साहेब. ड्रिल माणूस विसरत नाही.”

साक्ष देणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांच्याकडे बदलाची तारीख असते, वेळ असते, बहुधा वीजही चमकलेली असते. मला त्यांच्यापेक्षा हा ड्रिलवाला माणूस जास्त विश्वासाचा वाटतो. रम त्यानंतरही बरेच महिने चालू होती, हेही ते लपवत नाहीत. पुढच्या यात्रेला मात्र ते बिनपगारी आले.

हे देवस्थान जेझुइटांचं आहे, आणि सुभेदारांना त्याचं विशेष कौतुक आहे. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हा मूळचा सैनिक. 1521 मध्ये पाम्प्लोनाचा किल्ला लढवताना फ्रेंचांच्या तोफगोळ्याने त्याचा पाय फोडला. अंथरुणावर वाचायला त्याला शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात निघाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पुढच्या वर्षी मॉन्सेरातच्या मठात मरियेच्या वेदीपाशी त्याने तलवार ठेवून दिली. ही गोष्ट एका फादरांनी प्रवचनात सांगितली तेव्हापासून सुभेदार ती प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि शेवटी स्वतःची भर घालतात: “त्याला गोळा लागला, म्हणून देव लवकर सापडला. आम्ही गोळे मारणारे. आम्हाला वेळ लागणारच.”

आतल्या बाळ येशूच्या मूर्तीचं मूळ रूप प्रागमधलं. 1631 मध्ये सॅक्सन सैन्य शहरात शिरलं, तेव्हा ती मूर्ती वेदीमागे फेकली गेली आणि तिचे हात तुटले. 1637 मध्ये फादर सिरिल यांना ती ढिगाऱ्यात सापडली. ही गोष्ट सुभेदार सांगत नाहीत. मी काढली, तर म्हणतात, “फौजी होते ना. आणखी कोण करणार?”

कान गेल्याने पापनिवेदनाची मोठी पंचाईत. फादर हलक्या आवाजात बोलतात ते यांना ऐकू येत नाही, आणि हे बोलतात ते पाच खुर्च्यांपलीकडे ऐकू जातं. पहिल्यांदा गेले तेव्हा रांगेतली माणसं आपण होऊन लांब सरकली म्हणे. आता फादरच त्यांना शाळेच्या रिकाम्या वर्गात घेऊन जातात.

एवढ्यात स्टीलचा डबा घेऊन त्यांच्या पत्नी येतात. “अहो, आधी खाऊन घ्या, साखर उतरेल.” सुभेदार उभ्यानेच पोळीची गुंडाळी संपवतात. मी बाईंना परत कशा आलात विचारतो, तर त्या हसतात. “हे म्हणतात बाळ येशूनं आणलं. खरंच आणलं असेल. पण व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात धरून मी नेलं, आणि पेन्शनचं पासबुक अजून माझ्याकडं आहे.” त्यांच्याकडूनच कळतं की नवरा पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो आणि दुपारी जवानांच्या विधवांचे ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलचे अर्ज मोबाईलवर भरून देतो. “चष्मा सापडला तर,” त्या पुस्ती जोडतात.

साडेदहाच्या सुमाराला मुलगा येतो. चाकणला कंपनीत आहे. बरोबर बायको आणि खांद्यावर झोपलेली लेक. बापलेकांचं बोलणं अजून बेताचंच असावं, कारण “जय ख्रिस्त” झाल्यावर दोघेही रांगेकडेच बघत राहतात. मग मुलगा हळूच विचारतो, “पप्पा, बाजूच्या गेटनं सोडता का? पोरगी झोपलीय.”

“रांग तिकडून सुरू होते.”

“पप्पा, दोन तास लागतील.”

“मघाशी लागत होते. आता अडीच.”

सून ओठ दाबून हसते. सासूबाई डब्याचं झाकण जरा जोरातच लावतात. मुलगा काही न बोलता वळतो आणि कुंपणाच्या कडेने शेपटाकडे चालू लागतो. माझ्या मते त्या पोरीसाठी गेट उघडायला काहीच हरकत नव्हती. तसं मी म्हणतोही, पण त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून.

सुभेदार थोडा वेळ तिकडे बघतात. मग गळ्यातली शिट्टी काढतात, शर्टाला पुसतात आणि शेजारच्या कॉलेजवाल्या स्वयंसेवकाला देतात. “मी रांगेत आहे. सांभाळ.” लखलखते बूट धुळीतून शेपटाकडे निघतात. मुलापाशी पोचल्यावर ते काही बोलत नाहीत, नुसते हात पुढे करतात, आणि झोपलेली नात एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

इकडे नव्या अधिकाराने फुगलेला पोरगा पूर्ण ताकदीने शिट्टी फुंकतो. नात दचकून रडायला लागते.

“अबे, हळू!” अर्ध्या कानाचा सुभेदार रांगेच्या टोकावरून ओरडतो. “बहिरा मी आहे, लोक नाहीत!”