‘टाटा’ नेमके कोणाचे? वैद्यकीय संशोधनाच्या पैशाविषयी पाच गैरसमज

करंजाडे वसाहतीत एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले, की पहिला शब्द तोंडी येतो तो ‘टाटा’. कोणी परळची वाट धरते, कोणी पनवेलवरून खारघरला जाते. तिथे टाटा स्मारक केंद्राचेच ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे उपचार आणि संशोधन केंद्र आहे. केसपेपर, रक्ततपासणी, केमोच्या तारखा हे सगळे कुटुंबाच्या हळूहळू अंगवळणी पडते. पण त्याच आवारात संशोधनही चालते. त्याचा खर्च कोण उचलते आणि त्याचा रुग्णाशी संबंध काय, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. माहितीची ती जागा मग गैरसमज घेतात.

गैरसमज १ : ‘टाटा’ ही खासगी संस्था आहे. संशोधनाचा पैसा टाटाच देत असणार.

वस्तुस्थिती : परळचे रुग्णालय टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले, हे खरे. मात्र १९५७मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. खारघरचे केंद्रही याच विभागाच्या छत्राखाली येते. देणगीदारांचा हातभार आजही लागतो, पण संस्थेचा कणा आहे तो केंद्र सरकारचा निधी. करंजाड्याच्या किराणा दुकानात साबणाच्या वडीवर भरलेल्या कराचा वाटाही त्याच तिजोरीत जातो.

गैरसमज २ : नवी औषधे कंपन्या शोधतातच. सरकारने पैसा कशाला घालावा?

वस्तुस्थिती : कंपनी संशोधनात पैसा घालते तो विक्रीतून वसूल करण्यासाठी. जिथे विकण्यासारखे काही नसते, तिथे ती फिरकत नाही.

दात काढताना देतात ते लिग्नोकेनचे इंजेक्शन घ्या. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी ते गाठीभोवती टोचले तर काय होते, हे टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तपासले. देशातील ११ केंद्रांत, १,६०० स्त्रियांवर, २०११ ते २०२२ अशी ही चाचणी चालली. पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत. इतक्या स्वस्त, जुन्या औषधासाठी अकरा वर्षे थांबायला कोणती कंपनी तयार होईल? पैसा अणुऊर्जा विभागाचा होता, म्हणून हे काम झाले.

दुसरे उदाहरण निव्होलुमॅब या महागड्या औषधाचे. तोंडाच्या व घशाच्या बळावलेल्या कर्करोगात या औषधाची नेहमीच्या दहाव्या भागाहूनही कमी मात्रा नेहमीच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन टाटाच्या डॉक्टरांनी चाचणी घेतली. फक्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. जोडीला हे औषध मिळालेल्या गटात ते प्रमाण ४३ टक्के झाले. ‘औषध कमी वापरून चालेल का?’ हा प्रश्न विक्रेत्याला कधीच पडत नाही.

गैरसमज ३ : असले संशोधन परदेशात होते. ते आयते मिळते.

वस्तुस्थिती : परदेशी प्रयोगशाळा कोकणातल्या विंचवावर कशाला वेळ घालवील? लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावतात ते हृदय आणि फुप्फुसे निकामी झाल्याने. करंजाडे ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध या दंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८०च्या दशकात त्यांचे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले २५ ते ३० रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याखाली आले.

परक्या निधीवर विसंबण्याचेही एक बोलके उदाहरण मुंबईतच आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग साध्या व्हिनेगरच्या तपासणीने लवकर ओळखता येतो का, हे पाहण्यासाठी टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने १९९८पासून शहरातील झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३मध्ये जाहीर झाले. रुग्ण मुंबईचे, डॉक्टर मुंबईचे, निधी मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा.

गैरसमज ४ : सरकार संशोधनावर आधीच भरपूर खर्च करते.

वस्तुस्थिती : २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी रुपये मिळाले. त्यांपैकी आरोग्य संशोधन विभागाच्या वाट्याला आले सुमारे ३,९०१ कोटी, म्हणजे रुपयातले चार पैसेसुद्धा पूर्ण नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद याच विभागाखाली येते. अणुऊर्जा आणि जैवतंत्रज्ञान विभागांचा निधी वेगळा, हे लक्षात घ्यायला हवे. तरीही या विभागापुरता हिशेब केला तर तो माणशी वर्षाला २८ रुपयांच्या आसपास येतो. पनवेल स्थानकाबाहेर तेवढ्यात एक वडापाव आणि फार तर एक कटिंग होईल.

गैरसमज ५ : सरकारी पैशातून शोध लागला, की उपचार आपोआप स्वस्त होतात.

वस्तुस्थिती : ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये देशातील पहिली ‘कार-टी’ उपचारपद्धती वापरली गेली. यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढतात, कर्करोगाच्या पेशी ओळखता याव्यात म्हणून त्यांच्यात जनुकीय बदल करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. पेशी तयार केल्या पवईच्या आयआयटी मुंबईने. मानवी चाचण्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनने १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. ऑक्टोबर २०२३मध्ये याच उपचाराला ‘नेक्सकार१९’ या नावाने परवानगी मिळाली.

परदेशात याच प्रकारच्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. इथे खर्च तीस-चाळीस लाखांवर आला. दहापट फरक मोठाच आहे. पण करंजाड्यात कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबासाठी चाळीस लाख म्हणजे राहते घर विकण्याची वेळ. म्हणून निधी वाढवा एवढीच मागणी पुरत नाही. सार्वजनिक पैसा देतानाच किमतीची अट घातली पाहिजे आणि सरकारी रुग्णालयांतील रुग्णांसाठी वाटा राखून ठेवला पाहिजे.

ही मागणी कुठे करायची, याचे उत्तर अवघड नाही. अर्थसंकल्पाआधी ‘मायगव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर नागरिकांच्या सूचना मागवल्या जातात. आरोग्य संशोधन विभागाच्या मागण्या संसदेची स्थायी समिती तपासते. करंजाडे मावळ लोकसभा मतदारसंघात येते. गृहनिर्माण संस्थेच्या शिक्क्यानिशी खासदारांना धाडलेल्या पत्रात दोन प्रश्न असले तरी पुरे : रुपयातले चार पैसे पुढच्या वर्षी किती होणार, आणि खारघरला जन्मलेला उपचार खारघरच्या रांगेतल्या रुग्णाला कधी परवडणार?