थेंबाथेंबातून जाणारी ज्वाला : एका परिचित रूपकाचा शास्त्रीय आधार

वाङ्मयीन प्रभावाविषयी लिहिताना ‘वणव्यासारखा पसरला’ असे आपण सहजपणे म्हणतो. या रूपकात ज्वालेला अखंड माध्यम लाभते, असे गृहीत असते. इंधनाचे थेंब आणि वायू यांच्या मिश्रणात मात्र ज्वालेला तुटक माध्यमातून वाट काढावी लागते. तिचा हा प्रवास समजून घेणे, हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेइना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या चाचणी-सफरीत इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट झाले व २८ जण मृत्युमुखी पडले.

क्रँककेसमध्ये असते ते वंगणतेल. ते सहजासहजी पेटत नाही. याचे कारण असे की, जळते ती तेलाची वाफ, द्रव नव्हे. साचलेल्या तेलावर पुरेशी वाफ जमण्यासाठी ते विशिष्ट तापमानापर्यंत तापावे लागते. त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. परंतु एखाद्या अतितप्त भागावर तेलाची वाफ होऊन ती पुन्हा निवली, की तिचे धुके बनते. धुक्यातील तेल थंड असले, तरी जवळ आलेली ज्वालाच पुढील थेंबांना तापवून त्यांची वाफ करते. शिवाय १ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे १० मायक्रॉनचे थेंब केले, तर त्यांची संख्या १० लाख होते आणि एकूण पृष्ठफळ शंभरपट वाढते.

बर्गॉइन आणि कोहेन यांनी १९५४ साली टेट्रालिनच्या तुषारांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. १० मायक्रॉनहून लहान थेंबांचे धुके जवळजवळ वाफेप्रमाणेच जळते. तेथे ज्वालेची सलग आघाडी दिसते. ४० मायक्रॉनहून मोठा थेंब मात्र स्वतःभोवतीच्या हवेत स्वतंत्रपणे जळतो आणि शेजारच्या थेंबाला पेटवतो. या दोहोंमध्ये संक्रमणाचा टप्पा आहे. जळत्या थेंबाच्या व्यासाचा वर्ग काळाबरोबर समप्रमाणात घटतो. म्हणून व्यास दुप्पट असल्यास आयुष्य सुमारे चौपट होते. मिश्रणात ज्वलनशील वायूही असेल, तर थेंबांमधील पोकळीही ज्वालेची वाट होते. स्वतंत्रपणे न पेटण्याइतके विरळ असलेले वायू व थेंब एकत्र आल्यावर पेटू शकतात.

तात्पर्य, ‘पसरणे’ या एका क्रियापदाखाली दोन भिन्न प्रक्रिया दडलेल्या आहेत : एक सलग, दुसरी हस्तांतरणाची. पहिलीत माध्यमाचे स्वरूप निर्णायक ठरते. दुसरीत शेजाऱ्यांमधील अंतर. रूपक योजणाऱ्या अभ्यासकाने आपणास यांपैकी कोणती प्रक्रिया अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे.