दुखणे सांध्याचे की हाडांचे?

चाळिशीतली गृहिणी. सजद्यातून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, कंबर तर रोजचीच. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, ‘बाळंतपणानंतर असे होतेच.’ गल्लीतला दवाखाना ‘संधिवात आहे’ म्हणून वेदनाशामक गोळ्या देतो. गोळी संपली की दुखणे परत. अशी वर्षे जातात आणि हळूहळू ती खुर्चीवर नमाज पढू लागते.

यातल्या कितीतरी भगिनींचे सांधे शाबूत असतात. दुखत असतात ती हाडे. ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी पडले की नव्या हाडात कॅल्शियम नीट बसत नाही आणि हाड मऊ राहते. लहान मुलांत याला मुडदूस म्हणतात, मोठ्यांत ऑस्टिओमलेशिया.

फरक ओळखता येतो. गुडघ्याची झीज असेल तर दुखणे गुडघ्यातच असते, वाकवताना करकर वाजते. आमवातात बोटांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी तासभर तरी आखडलेले राहतात. हाडे मऊ पडली असतील तर दुखणे कंबर, खुबे, मांड्या, बरगड्या असे पसरलेले असते. नडगीवर अंगठ्याने दाबले तरी कळ येते. जमिनीवरून उठणे अवघड होते, चाल डुलती होते. गुडघ्याचा एक्स-रे मात्र बऱ्याचदा चांगला येतो आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून बाई घरी परतते!

अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांकडे रक्ताच्या तपासणीचा विषय काढावा. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ‘ड’ जीवनसत्त्व आणि गरजेनुसार पॅराथायरॉइड हार्मोन. ‘ड’ 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमतरता. पण हा एकच आकडा पुरेसा नाही. तो आपल्याकडे पुष्कळांचा कमी असतो. त्याच्या जोडीला अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असेल तर हाडांवर परिणाम झाल्याचा संशय बळावतो. खुब्याच्या एक्स-रेत कधी बारीक भेगा दिसतात. दुर्लक्ष झाले तर तिथेच हाड मोडू शकते. मूत्रपिंडाचा किंवा आतड्यांचा जुना आजार, फिट्सच्या काही गोळ्या यांनीही हाडे मऊ पडतात, म्हणून तेही डॉक्टरांना सांगावे.

आता बुरख्याविषयी. काश्मीरमध्ये काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टर बाईंनी 1928 साली पडदा आणि बाळंतपण यांवर पुस्तक लिहिले. बंद घरात राहणाऱ्या स्त्रियांची कटीची हाडे मऊ पडून वाकत आणि बाळंतपण जिवावर बेते. उघड्यावर राबणाऱ्या स्त्रियांना हा त्रास क्वचितच होई. पण दोष एकट्या पडद्यावर ढकलणे सोपे आहे, खरे नाही. दिवसभर कचेरीत बसणाऱ्या पुरुषांतही ही कमतरता सर्रास आढळते. खरी अडचण आहे ती ऊन न येणाऱ्या खोलीची. मुंब्रा-भिवंडीच्या चिकटून बांधलेल्या इमारतींत ऊन येणार कुठून? खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा तर यासाठी उपयोग होत नाही. गच्चीवर आडोसा करून, घरातल्या बायकांची वेळ ठरवून, दुपारच्या सुमारास हात, पाय आणि चेहरा थोडा वेळ उन्हात राहील अशी सोय पुरुषांनी करून द्यावी. दोन पत्रे आणि एक चादर, एवढाच खर्च.

मात्र हाडे मऊ पडल्यावर नुसते ऊन पुरत नाही. सहसा 60,000 युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, काही आठवडे, आणि सोबत कॅल्शियम देतात. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल शंका असेल तर पुडी किंवा पातळ औषध लिहून मागावे. रमजानमध्ये ही मात्रा इफ्तारनंतर जेवणासोबत घेता येते. आठवड्याची पुडी रोज घेण्याची चूक मात्र होऊ देऊ नका. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मुतखडे होतात, मूत्रपिंडाला इजा पोचते. शेजारणीला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी दाखवून औषध आणणेही तसेच धोक्याचे.

दुखणे काही आठवड्यांत कमी होऊ लागते, मांड्यांत जोर यायला काही महिने लागतात. बरे वाटले म्हणून मधेच औषध सोडू नये. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून पुढची मात्रा डॉक्टर ठरवतात.