रिफंड किती आला रे?

अमेरिकेत ऑनसाइट गेलेल्या दोस्तांच्या गप्पांत फेब्रुवारी उजाडला की एकच विषय असतो – टॅक्स रिफंड! एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच पगारावर राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या रिफंडमध्ये हजारो डॉलर्सचा फरक कसा पडतो? उत्तर घरातल्या छोट्या मेंबर्सपाशी आहे.. आणि त्यांच्या नावावरच्या नऊ आकडी नंबरात!

‘फाइल केलंस का?’
‘हो, परवाच.’
‘मग, किती येणार?’

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलपर्यंत, मंडळाच्या पॉटलकला जमलेल्या आपल्या मंडळींचा हा संवाद ठरलेला. मग आकडे बाहेर येतात आणि कुणाचा तरी चेहरा पडतो. ‘मलाच कमी कसा?’ आपला सीए कच्चा की त्याचा पक्का, अशी चर्चा सुरू होते. खरं तर सीएचा यात फारसा हात नसतो. सगळा खेळ असतो तो चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे मुलांमागे अमेरिकन सरकार टॅक्समध्ये देत असलेल्या सवलतीचा.

तुमच्या टीममधलं कुणी तिकडे असेल किंवा पुढच्या वर्षी तुमचाच नंबर लागणार असेल, तर हे गणित आत्ताच समजून घ्या. पॅकेजच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही!

तीन शेजारी, पगार एकच

समजा, एकाच बिल्डिंगमध्ये तीन मराठी कुटुंबं राहतात. तिन्ही घरांत एकच जण कमावतो, पगार वर्षाला एक लाख डॉलर. तिन्ही घरांत प्रत्येकी दोन मुलं, सगळी शाळकरी वयाची. नवरा-बायको मिळून एकच रिटर्न भरतात. २०२६ या वर्षाच्या दरांनी हिशोब केला, तर ३२,२०० डॉलरची स्टँडर्ड वजावट गेल्यावर अशा कुटुंबाचा केंद्र सरकारचा टॅक्स होतो साधारण ७,६४० डॉलर. (राज्याचा टॅक्स वेगळा. तो सध्या बाजूला ठेवू.)

पहिल्या घरातली दोन्ही मुलं अमेरिकेत जन्मलेली. दर मुलामागे २,२०० डॉलर क्रेडिट, म्हणजे दोघांचं ४,४००. टॅक्स उरला ३,२४०. कंपनीने मात्र मुलांचा विचार न करता पगारातून वर्षभर पूर्ण ७,६४० कापले होते. त्यामुळे रिफंड ४,४०० डॉलर. पार्टी!

दुसऱ्या घरातली दोन्ही मुलं पुण्यात जन्मलेली, आई-बाबांबरोबर एच-फोर व्हिसावर आलेली. त्यांच्यामागे मिळतात प्रत्येकी फक्त ५०० डॉलर. टॅक्स ६,६४०, रिफंड १,०००.

तिसऱ्या घरातली मुलं पहिल्यासारखीच, तिथे जन्मलेली. पण रिफंड? जवळपास शून्य!

आता सांगा, सगळ्यात मोठा लॉस कुणाचा? पॉटलकमध्ये सगळे तिसऱ्याची कीव करतील. पण तिसऱ्याने पहिल्याइतकाच, ३,२४० डॉलर टॅक्स भरलाय. त्याचे ४,४०० त्याला वर्षभर पगारातूनच मिळत गेले. खरा फटका बसलाय तो दुसऱ्या घराला – पूर्ण ३,४०० डॉलर्सचा. आणि गंमत म्हणजे त्याचा रिफंड तिसऱ्यापेक्षा जास्त दिसतोय!

क्रेडिट म्हणजे वजावट नव्हे

आपल्याकडे ‘टॅक्स वाचवणं’ म्हटलं की डोळ्यासमोर येते वजावट. पीपीएफ, विमा, मुलांची ट्यूशन फी. जुन्या पद्धतीत हे सगळं दीड लाखाच्या एकाच टोपलीत. वजावट तुमचं उत्पन्न कमी करते. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १,००० रुपयांची वजावट घेतली तर वाचतात २०० रुपये.

क्रेडिटचं तसं नाही. ते थेट टॅक्सच्या रकमेतूनच वजा होतं. हजार डॉलरचं क्रेडिट म्हणजे हजार डॉलर टॅक्स कमी, स्लॅब कुठलाही असो. आपल्याकडची रिबेट याची जवळची नातेवाईक, पण मुलं असणं-नसणं तिच्या हिशोबातच नाही. आणि पगारदारांच्या मुलांसाठी असलेला शिक्षण भत्ता? जुन्या पद्धतीत अनेक वर्षं त्याची करमाफी होती मुलामागे महिना १०० रुपये. एका वडापाव पार्टीचा खर्च! म्हणूनच तिकडे गेलेल्या आपल्या लोकांना मुलामागे २,२०० डॉलर ऐकून आधी खरंच वाटत नाही.

रिफंड हा बोनस नव्हे!

आता तिसऱ्या घराचं रहस्य. आपल्याकडे एचआर दर वर्षी मेल टाकते ना, ‘इन्व्हेस्टमेंट डिक्लरेशन भरा, नाहीतर टीडीएस जास्त कापला जाईल’? अमेरिकेत त्याच्या जागी असतो डब्ल्यू-४ नावाचा फॉर्म. जॉइन होताना भरायचा आणि नंतर केव्हाही बदलता येणारा. त्याची तिसरी पायरी मुलांसाठी आहे. २०२६ च्या फॉर्मवर १७ वर्षांखालच्या दर मुलामागे २,२०० आणि इतर अवलंबितांमागे ५०० डॉलर लिहायचे. ही रक्कम लिहिली की कंपनी तेवढा टॅक्स वर्षभरात कमी कापते.

तिसऱ्या घराने नेमकं तेच केलं. दर पंधरवड्याला पगार होत असेल तर ४,४०० डॉलर भागिले २६ म्हणजे प्रत्येक पगारात साधारण १६९ डॉलर जास्त आले. पहिल्या घराने ती पायरी कोरी सोडली. त्यामुळे तेच पैसे वर्षभर सरकारकडे बिनव्याजी पडून राहिले आणि पुढच्या वर्षी ‘रिफंड’ म्हणून परत आले.

कुणी म्हणेल, आम्हाला आवडतं बुवा एकदम घबाड हातात आलेलं, भारताची तिकिटं त्यातच निघतात. हरकत नाही, ही सक्तीची बचत समजा. पण क्रेडिट कार्डाचं बिल थकवून त्यावर व्याज भरायचं आणि इकडे सरकारला फुकट कर्ज द्यायचं, हा कुठला हिशोब?

उलटा घोळही होतो. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील आणि दोघांनीही आपापल्या फॉर्मवर तीच मुलं लिहिली, तर टॅक्स दुप्पट कमी कापला जातो. मग रिफंड राहिला बाजूला, १५ एप्रिलपर्यंत खिशातून पैसे भरायची वेळ येते. फॉर्मवर स्पष्ट सूचना आहे: मुलं एकाच फॉर्मवर लिहा, शक्यतो ज्याचा पगार जास्त त्याच्या.

नऊ आकड्यांचा खेळ

आता दुसऱ्या घराकडे वळू, कारण ही गोष्ट आपल्या लोकांच्या सगळ्यात जवळची आहे. पूर्ण क्रेडिट मिळायचं तर मुलाकडे नोकरीसाठी वैध असलेला सोशल सिक्युरिटी नंबर हवा आणि तोही रिटर्नच्या मुदतीआधी मिळालेला. भारतात जन्मून एच-फोरवर आलेल्या मुलांना सहसा तो मिळत नाही. त्यांना मिळतो आयटीआयएन, म्हणजे फक्त टॅक्सच्या कामापुरता दिलेला नंबर. दोन्ही नंबर नऊ आकडी, पण एकाची किंमत २,२०० डॉलर आणि दुसऱ्याची ५००!

हे पहिल्यापासून असं नव्हतं. २०१७ पर्यंत आयटीआयएन असलेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या मुलांनाही १,००० डॉलर्सचं क्रेडिट मिळायचं. शिवाय प्रत्येक अवलंबितामागे ४,०५० डॉलर्सची वजावट होती ती वेगळीच. डिसेंबर २०१७ मध्ये नवा कायदा आला. २०१८ पासून क्रेडिट दुप्पट, २,००० डॉलर झालं, पण सोशल सिक्युरिटी नंबरवाल्या मुलांपुरतं. बाकीच्यांच्या हातावर ५०० टेकवले गेले आणि ती वजावटही गेली. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने रक्कम २,२०० केली, आणि मुलाबरोबरच आई-वडिलांपैकी किमान एकाकडे हा नंबर असण्याची अटही घातली. एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याकडे तो असतोच, त्यामुळे इथे आपल्या मंडळींची अडचण होत नाही. अडचण मुलांच्या नंबरचीच.

ग्रीन कार्ड आलं की मुलांनाही सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो आणि त्या वर्षापासून पूर्ण क्रेडिट सुरू होतं. मागच्या वर्षांचं मात्र मागता येत नाही. आता भारतीयांसाठीची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे तुम्हाला माहीत आहेच. दहा वर्षं वाट पाहावी लागली, तर आजच्या दराने एका मुलामागे १७,००० डॉलर्सचा फरक. आणि क्रेडिट मिळतं ते १७ वर्षं पूर्ण होईपर्यंतच. सातव्या वर्षी अमेरिकेत आलेलं पोर रांगेत असतानाच सतरा वर्षांचं झालं, तर त्याला पूर्ण क्रेडिट कधीच मिळत नाही. बरं, धाकटं भावंडं तिथे जन्मलेलं असेल तर एकाच डायनिंग टेबलवर एक मूल २,२०० चं आणि एक ५०० चं! दोघांच्या शाळेचा, दुधाचा, स्वेटरचा खर्च मात्र सारखाच.

तिथे होणाऱ्या बाळांबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवा. तात्पुरत्या व्हिसावरच्या आई-वडिलांच्या बाळांना जन्मतःच नागरिकत्व द्यायचं नाही, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं. पाळणा हलणार असेल, तर त्या वेळचा नियम आधी तपासून घ्या.

वाढता वाढता वाढे..

या क्रेडिटचा जन्म १९९७ च्या कायद्यातला. १९९८ मध्ये सुरुवात झाली ती मुलामागे ४०० डॉलर्सनी. पुढच्या वर्षी ५००, २००३ मध्ये १,०००. करोनाच्या काळात, २०२१ या एका वर्षापुरतं ते थेट ३,००० आणि सहा वर्षांखालच्या मुलांना ३,६०० झालं. त्यातलं अर्धं जुलै ते डिसेंबर दरमहा बँकेत जमा व्हायचं. लोक खूश! पण २०२२ मध्ये रिटर्न भरताना अनेकांना धक्का बसला, कारण रिफंड अपेक्षेपेक्षा लहान झाला होता. अर्धे पैसे आधीच मिळून खर्चही झाले होते ना! रिफंडच्या आकड्यावरून फायदा मोजायचा नसतो, हा धडा तेव्हा अख्ख्या देशाला मिळाला.

टॅक्सच नाही, तर क्रेडिटचं काय?

कमी पगाराच्या कुटुंबाचा टॅक्सच क्रेडिटपेक्षा कमी असेल तर? आपल्याकडची रिबेट टॅक्स शून्यावर आणून थांबते. इथे मात्र उरलेल्या क्रेडिटचा काही भाग सरकार रोख देतं. २०२५ साठी त्याची मर्यादा मुलामागे १,७०० डॉलर होती. पण त्यासाठी कमाई हवी. २,५०० डॉलर्सच्या वरच्या कमाईच्या १५ टक्के, एवढीच रक्कम मिळू शकते. म्हणजे ज्याची कमाई अगदीच कमी, त्याच्या मुलांना सगळ्यात कमी. ५०० डॉलरवाल्या क्रेडिटमध्ये तर रोख भाग अजिबातच नाही.

दुसऱ्या टोकाला, जोडप्याचं उत्पन्न चार लाख डॉलर्सच्या वर गेलं की दर हजारामागे ५० डॉलर क्रेडिट कमी होत जातं. बे एरियात दोन्ही पगार आणि त्यावर शेअर्स मिळणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी!

ऑनसाइट निघालात? हे ध्यानात ठेवा

* मुलांचा आयटीआयएन नसेल तर पहिल्या रिटर्नबरोबरच डब्ल्यू-७ फॉर्म भरा. मुदत चुकली तर त्या वर्षाचे ५०० डॉलरही गेले. आणि सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर हा नंबर बाद होतो.
* मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहायला हवं. सुट्टीत दोन महिने आजोळी आलं तर चालतं. वर्षभर आजी-आजोबांकडेच ठेवलं तर क्रेडिट धोक्यात. आणि भारतातच राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या मुलामागे काहीच मिळत नाही, ५०० सुद्धा नाहीत.
* क्रेडिटला पात्र बाळ ३१ डिसेंबरला जन्मलं तरी पूर्ण वर्षाचं क्रेडिट मिळतं. वय मोजतात ते वर्षाच्या शेवटच्या दिवशी. ज्या वर्षी मूल सतराचं होतं, त्याच वर्षी २,२०० चे ५०० होतात. तेव्हा डब्ल्यू-४ बदला.
* अमेरिकेतलं पहिलं वर्ष अर्धवट असेल तर टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही तिथले ‘रहिवासी’ ठरता का, हे आधी बघा. सगळा हिशोब त्यावर फिरतो.
* क्रेडिटचा रोख भाग मागणाऱ्यांचा रिफंड कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्याआधी निघत नाही. जानेवारीत फाइल करून रोज स्टेटस बघत बसू नका!

आणि हो, ऑनसाइटची ऑफर हातात आली की पगार, घरभाडं, हेल्थ इन्शुरन्स यांच्या जोडीला एक्सेलमध्ये आणखी एक ओळ टाका: मुलं किती, आणि कुणाकडे कुठला नंबर. वर्षअखेर एकच आकडा बघायचा, तो म्हणजे शेवटी भरलेला एकूण टॅक्स. पुढच्या वेळी कुणी ‘किती आला?’ विचारलं की त्याला उलट विचारा, ‘ते राहू दे, गेला किती ते सांग!’