विजेचा नकाशा किती बारीक हवा?

पुढच्या काळात वीज कुठे कमी पडेल, तिचा भाव काय राहील, याचा अंदाज संगणकावर बांधताना पहिला प्रश्न येतो नकाशाचा. सगळा देश एकच ठिपका मानला, तर छत्तीसगडची वीज चेन्नईला सहज पोचते, पण कागदावर! २००८मध्ये वीज बाजार सुरू झाला तेव्हा दक्षिणेकडे जाणाऱ्या तारा अपुऱ्या होत्या. त्यामुळे तिथला भाव अनेकदा चढा निघे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि ही दरी पुढे हळूहळू कमी झाली.

मग प्रत्येक उपकेंद्र वेगळे का मोजू नये? कारण हजारो ठिकाणांची तासातासाची मागणी मिळवणे अवघड, आणि अंदाजाने भरलेले आकडे बारीक केले म्हणून खरे होत नाहीत. म्हणून साधा नियम असा, की जिथे तारा भरून जातात, तिथे रेघ ओढावी. ती राज्याची हद्दच असेल असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. महाराष्ट्र एकच ठिपका मानला, तर हा धोका हिशेबात येतच नाही.