वहीची एकच प्रत नको

दर वेळी आपण कर्ज, हप्ते, व्यवसाय यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. मुलांनी स्वतः लिहायची, स्वतः काढायची आणि आपसात वाटायची मासिकं. "यात गटाचं काय काम?" असं कुणी विचारेल. काम आहे. पण आधी एका वहीबद्दल सांगतो.

2021 च्या 22 जुलैला महाडात पाणी शिरलं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरात पाणी माळ्याला टेकलं होतं. ओसरल्यावर आम्ही सगळ्याजणी चिखल काढायला गेलो. गाद्या, पीठ, कपडे, पुस्तकं, सगळं एकाच ढिगात रस्त्यावर टाकलं. त्या ढिगात ताईंच्या मुलीची एक वही गेली. ती तेव्हा सहावीत होती. शाळा बंद होत्या त्या दिवसांत तिने एक लांबलचक गोष्ट लिहिली होती. सावित्रीच्या डोहाखाली एक शाळा आहे, तिथल्या बाई म्हणजे मगरी, आणि उशिरा येणाऱ्या मुलांना त्या पाठीवर बसवून आणतात.

नुकसानीच्या यादीत आम्ही मिक्सर लिहिला, शिलाई मशीन लिहिलं, तांदूळ लिहिले. वही कुणाच्या ध्यानातच आली नाही. पुढे तिला म्हटलं, पुन्हा लिही. ती म्हणाली, "आता तशी येणार नाही." मिक्सर पुन्हा घेता आला. गोष्ट गेली ती गेलीच, कारण तिची प्रत एकच होती.

आपल्याकडे मुलांनी लिहिण्याची पद्धत नवी नाही. शाळेतलं हस्तलिखित आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाहिलं असेल. ज्याचं अक्षर चांगलं त्याने लिहायचं, ज्याची चित्रकला चांगली त्याने वेलबुट्टी काढायची. साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिक काढत. त्याचं नाव 'छात्रालय'. आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यात वडघरला गुरुजींचं स्मारक आहे, तिथे कधी गेलात तर मुलांना हे जरूर सांगा.

छापील मासिकंही आली. वा. गो. आपटे यांनी 1906 साली 'आनंद' सुरू केलं. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं. पण ती मुख्यतः मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेली. मुलांचं स्वतःचं असं हस्तलिखितच. त्यात एकच अडचण. प्रत एक असते आणि ती शाळेच्या कपाटात जाते. लिहिणाऱ्या मुलीच्या घरी काहीच राहत नाही.

हीच अडचण दूर देशातल्या मुलांनाही आली. इंग्लंडात हॉवर्थ नावाच्या गावी ब्राँटे कुटुंबात चार भावंडं होती. शार्लट, एमिली आणि ॲन या तीन बहिणी, आणि ब्रॅनवेल हा भाऊ. आई लहानपणीच वारलेली. 1826 साली वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलांनी त्या शिपायांना नावं दिली, त्यांच्यासाठी काचनगर नावाचं अख्खं राज्य रचलं आणि 1829 पासून त्या राज्याची मासिकं काढायला सुरुवात केली. कागद महाग होता, म्हणून मिळेल त्या चिठोऱ्यांवर लिहायचं आणि सुईदोऱ्याने शिवायचं. ही पुस्तकं काडेपेटीएवढी, अक्षर इतकं बारीक की वाचायला भिंग लागतं. पुढे शार्लट मोठी लेखिका झाली. तिची 'जेन एअर' ही कादंबरी 1847 साली आली.

धाकट्या एमिली आणि ॲन यांनी पुढे स्वतःचं वेगळं बेट कल्पिलं. त्याचं नाव गोंडल. बेटावरच्या कविता राहिल्या, पण गद्य गोष्टी आज एकही शिल्लक नाही. आपल्या ताईंच्या मुलीसारखंच झालं.

मग यावर उपाय कुणी काढला? अमेरिकेतल्या मुलांनी. 1867 च्या सुमारास तिथे टेबलावर मावेल असे लहान छापयंत्र विकायला आले. शाळकरी मुलं खिळे जुळवून चार-चार पानांची वर्तमानपत्रं छापू लागली आणि एकमेकांना टपालाने पाठवू लागली. जुलै 1876 मध्ये फिलाडेल्फिया शहरात अशी मुलं आणि तरुण एकत्र आले आणि त्यांनी हौशी छापणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना काढली. हौशी म्हणजे पोटासाठी नव्हे, आवडीसाठी.

या संघटनांची रीत पुढे जशी ठरत गेली, ती आपल्याला चटकन कळेल, कारण ती आपल्या भिशीसारखी आहे. समजा सभासद वीस आहेत. प्रत्येकीने आपलं एक पान लिहायचं आणि त्याच्या वीस प्रती काढायच्या. त्या सगळ्या एका सभासदाकडे पाठवायच्या. तिने प्रत्येकीचं एकेक पान घेऊन वीस गठ्ठे बांधायचे आणि एकेक गठ्ठा प्रत्येकीला परत पाठवायचा. टाकलं एक पान, मिळालं वीस पानांचं मासिक. यात संपादक वरिष्ठ नसतो. तो फक्त मोजतो, बांधतो आणि वाटतो. आणि इथे नुसती वाचणारी कुणी नसते. जी वाचते तिने लिहायलाच हवं.

1937 साली डोनाल्ड वॉलहाइम या तरुणाने अद्भुतकथांच्या चाहत्यांसाठी अशीच संघटना काढली. अद्भुतकथा म्हणजे राक्षस, उडते गालिचे, चंद्रावरची माणसं. या संघटनेचा गठ्ठा वर्षातून चार वेळा निघे. सभासदांची संख्या पुढे 65 वर बांधून घेतली. वर्षाला निदान आठ पानं दिली नाहीत तर नाव कमी. जागा भरल्या की बाहेर वाट पाहणाऱ्यांची यादी. आपल्या गटाची शिस्त याहून फार वेगळी नाही. पुढे मुलांच्या जादूच्या गोष्टी मोठेपणीही आवडीने वाचणाऱ्यांनी असेच गठ्ठे चालवले.

छापयंत्र सगळ्यांना परवडत नव्हतं. तेव्हा कुणी जेलीवर छापत. पसरट ताटात जिलेटिन आणि ग्लिसरीनची जेली थापायची. खास जांभळ्या शाईने कागदावर लिहायचं आणि तो जेलीवर उलटा दाबायचा. शाई जेलीत उतरते. मग त्यावर कोरा कागद ठेवून उचलला की प्रत तयार. पन्नासेक प्रती निघत, शेवटच्या फिकट होत जात.

आता कुणी म्हणेल, मुलींनी राक्षसाच्या गोष्टी लिहून काय मिळणार? आम्हीही पूर्वी असंच म्हणत होतो. "अभ्यास कर, भुताखेतांचं काय लिहितेस?" हे आमच्याच तोंडचं वाक्य. पण मगरबाईंची गोष्ट आठवून बघा. शाळा बंद होती, म्हणून तिने शाळा नदीखाली सुरू केली. उशीर झाला तर ओरडा न बसता पाठीवर बसवून नेणाऱ्या बाई तिने तयार केल्या. मुलीला काय हवंय ते आम्हाला त्या वहीतून कळलं असतं. आम्ही ती उघडलीच नव्हती.

आपल्या भागात प्रती काढून मजकूर जपण्याची मोठी परंपरा आहे. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं मानतात. छापखाने आले ते पुष्कळ नंतर. तोवर हा ग्रंथ हाताने नकला करूनच गावोगावी गेला. एका मठातली पोथी भिजली तरी दुसऱ्या मठातली शाबूत राहिली.

म्हणून आमचं सांगणं असं आहे. आपल्या वाडीतल्या दहा मुली आणि मुलगे जमवा. प्रत्येकाने एका कागदाच्या दोन्ही बाजू भरायच्या. गोष्ट, चित्र, कोडं, काहीही चालेल. काळ्या शाईने लिहायचं आणि शिवणीसाठी डावीकडे दोन बोटं जागा सोडायची. त्याच्या दहा प्रती झेरॉक्स करायच्या. दहा जणांचे दहा-दहा मिळून शंभर कागद होतात, आणि प्रत्येकाच्या हाती दहा कागदांचा, म्हणजे वीस पानांचा अंक येतो. झेरॉक्सचा खर्च गटाने सभेत ठराव करून उचलावा. झेरॉक्स लांब असेल तर कार्बन पेपर लावून लिहा. जोर देऊन लिहिलं तर तीन-चार प्रती निघतात, तेव्हा आधी चार जणांनीच सुरुवात करा. शिवायला गोधडीचा दोरा छान. तीन महिन्यांतून एक अंक पुरे.

दोन गोष्टी पाळा. चुका मोठ्यांनी दुरुस्त करायच्या नाहीत, तसंच छापू द्यायचं. आणि प्रत्येक अंकाची एक जादा प्रत दुसऱ्या गावच्या गटाकडे ठेवायला द्यायची. महाडातला अंक पोलादपूरला, पोलादपूरचा महाडात. नदीकाठच्या वाडीचा अंक वरच्या वाडीत.

आम्ही पहिल्या अंकाची तयारी सुरू केली आहे. ताईंची मुलगी आता मोठी झाली आहे. गठ्ठे बांधायचं काम तिने घेतलं आहे. मगरबाईंची गोष्ट लिहिशील का, असं आम्ही तिला मुद्दाम विचारलेलं नाही. तिच्या पानाची जागा मात्र राखून ठेवली आहे.