आरतीला गर्दी, व्याख्यानाला चार डोकी

नारळाच्या शेंडीत सोडियमचा बारीक तुकडा लपवायचा आणि मंत्र पुटपुटत वर पाणी शिंपडायचं, की शेंडी पेट घेते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं शाळांतून, मंडळांच्या मांडवांतून हा 'चमत्कार' करून दाखवतात आणि लगेच त्यातली खोच उलगडून सांगतात. टाळ्या पडतात. मुलं सोडियम कुठे मिळतं ते विचारतात. आणि पुढच्या गुरुवारी महाराजांच्या आरतीला गर्दी पूर्वीइतकीच असते. लोक मूर्ख आहेत असा निष्कर्ष यावरून काढणं सोपं आहे, पण तो चुकीचा आहे. ती गर्दी नारळासाठी जमलेलीच नव्हती.

गैरसमज : लोक चमत्काराला भुलतात, नाहीतर त्यांचं 'ब्रेनवॉशिंग' होतं.

आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी कोरियात उगम पावलेल्या मून पंथात शिरून हा समज तपासला. लंडन परिसरात १९७९ साली पंथाच्या निवासी शिबिरांना आलेल्या हजारभर लोकांचा त्यांनी माग काढला. सुमारे नव्वद टक्के लोक सभासद झालेच नाहीत. जे झाले, त्यांतले बहुतेक काही वर्षांत आपले आपण बाहेर पडले. मेंदू धुण्याचं यंत्र असतं, तर ते फारच भिकार म्हणावं लागेल.

मग जे राहतात ते का राहतात? जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी १९६५ साली याच पंथाच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गटाबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांना दिसलं की माणूस आधी माणसांशी जोडला जातो, तत्त्वज्ञान त्याला नंतर पटतं. आपल्याकडेही कुणी ग्रंथ वाचून बैठकीला जात नाही. कुणा बाईच्या नवऱ्याची नोकरी गेलेली असते, मुलीचं लग्न जमत नसतं, आणि शेजारच्या काकू म्हणतात, "एकदा येऊन तर बघ." तिथे तिचं नाव विचारलं जातं. पुढच्या वेळी ती आली नाही तर कुणीतरी फोन करतं. व्याख्यानाला न आलेल्या श्रोत्याला कोण फोन करतं?

गैरसमज : हे अडाणी आणि गरीब माणसांचं दुखणं आहे.

टोकिओच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी ओम् शिनरिक्यो पंथानं सरीन हा विषारी वायू सोडला. डब्यांत तो सोडणाऱ्या पाच जणांपैकी इकुओ हायाशी हृदयशल्यविशारद होता. सरीन बनवणारा मासामी त्सुचिया रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी होता आणि पंथाच्या विज्ञानखात्याचा प्रमुख हिदेओ मुराई खगोलभौतिकी शिकलेला. पदवीनं माणूस हुशार होतो, पण त्याचं एकटेपण जात नाही. शिवाय हुशार माणसाला आपल्या निर्णयाची कारणंही जास्त चांगली रचता येतात.

गैरसमज : पंथ फक्त घेतात, देत काहीच नाहीत.

जिम जोन्सच्या 'पीपल्स टेंपल' या पंथानं इंडियानापोलिसमध्ये काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवलं, तेव्हा अमेरिकेत वर्णभेद उघडपणे चालू होता. फुकट जेवण, वृद्धांसाठी निवास, मिश्र गायनवृंद हे सगळं खरं होतं. पुढे १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउनमध्ये नऊशेहून अधिक माणसं मेली, तेही तितकंच खरं. "तुम्हाला तिथे काहीच मिळत नाही" असं सांगणाऱ्या विवेकवाद्यावर भक्तांचा विश्वास बसत नाही, कारण काय मिळतं ते त्यांना ठाऊक असतं.

गैरसमज : विवेकवाद्याला विधी, समारंभ नकोतच.

महाराष्ट्रात हा समज टिकून राहावा याचं नवल वाटतं. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीशिवाय लग्न लावलं. त्यांनी लग्न रद्द केलं नाही. भटजी वगळला, मंगलाष्टकं ठेवली, आणि ती स्वतः रचली. त्यात वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची शपथ मागते आणि वर ती देतो. म्हणजे मांडव, पाहुणे सगळं जागच्या जागी, फक्त मजकूर बदललेला. जन्म, लग्न, मृत्यू या वेळी काय करायचं याचा विचार त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तही आहे. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली निघालं. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला अशा लग्नांमुळे दक्षिणा बुडाली म्हणून ग्रामजोशांनी दावा लावला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. नुसत्या व्याख्यानांवर कुणी दावा लावला नसता.

जोतीरावांनंतर सत्यशोधकांनी जलसे काढले. तमाशाचा बाज, ढोलकी, सवाल-जवाब आणि मध्ये समाजाचा विचार. गावाला जे आवडतं तेच त्यांनी हातात घेतलं. आज मात्र कुणी गेलं की विवेकवादी घरात मोठा पेच पडतो. 'दहावं-तेरावं करणार नाही' इथपर्यंत ठरलेलं असतं, पण मग करायचं काय हे ठरलेलं नसतं, आणि तेवढ्यात गावाकडचा चुलता सगळी सूत्रं हातात घेतो.

नॉर्वेत मात्र मानवतावादी मंडळी १९५१पासून चर्चच्या दीक्षाविधीला पर्याय म्हणून पंधरा वर्षांच्या आसपासच्या मुलामुलींचा समारंभ करतात. आधी नीतिविचार आणि मानवी हक्कांचा अभ्यासवर्ग, मग सभागृहात नातेवाइकांसमोर सोहळा. दर वर्षी हजारो मुलं त्यात असतात.

तरी देवाशिवाय माणसं एकत्र धरून ठेवण्याचं हे काम अवघड आहे, हेही मान्य करायला हवं. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सामुदायिक वसाहतींचा अभ्यास केला. धार्मिक वसाहतींत सभासदांकडून जितका त्याग मागितला जाई, तितकी वसाहत जास्त टिके. निधर्मी वसाहतींत त्यागाचा असा उपयोग दिसला नाही. 'देवानं सांगितलंय' म्हटलं की प्रश्न संपतो. 'समितीनं ठरवलंय' म्हटलं की प्रश्न सुरू होतात. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या संघटनेनं त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

गैरसमज : अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) काम म्हणजे देवाला विरोध.

समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर जाहीरपणे उलट सांगत असत. संघटनेचा विरोध शोषणाला आहे, उपासनेच्या स्वातंत्र्याला नाही. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला २१ लाखांचं आव्हान सगळ्यांना माहीत असतं, कारण त्याची बातमी होते. जटा कापण्याचं काम त्यापेक्षा शांतपणे चालतं, आणि माझ्या मते पंथांशी असलेल्या स्पर्धेचं खरं उत्तर तिथे आहे.

बाईच्या केसांत गुंता होतो, त्याची जट बनते. ती देवीची आहे, कापली तर घरात कुणी दगावेल, अशी भीती घातलेली असते. मानेला ओझं होतं, डोक्यात उवा होतात, झोप लागत नाही. तिथे केसांचं शास्त्र सांगून भागत नाही. कार्यकर्ती घरी जाते, चहा घेते, सासूशी बोलते, पुन्हा जाते. बाईनं होकार दिला की मगच कात्री. त्यानंतरही कार्यकर्तीला तिची विचारपूस करावी लागते, कारण घरातल्या पोराला ताप आला तरी दोष जटेवर, म्हणजे कापणारीवर येणार असतो. हीच चिकाटी बुवाच्या सेवेकऱ्यांकडे असते. फरक असा की इथे काम संपलं की बाई मोकळी होते.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. कायद्यामुळे भोंदूला अटक होते. त्याच्याकडे जाणाऱ्या बाईची दुपार मात्र रिकामीच राहते.

गैरसमज : विवेकवादी गटाचा पंथ होऊच शकत नाही.

अमेरिकी लेखिका आयन रँड बुद्धीलाच सर्वोच्च मानत असे. तिच्या न्यूयॉर्कमधल्या बैठकीतल्या मंडळींनी गमतीनं स्वतःला 'कलेक्टिव्ह' म्हणवून घेतलं होतं. नथॅनिएल ब्रँडन हा तिचा घोषित वैचारिक वारस. दोघांचे प्रेमसंबंध बिघडले, १९६८ साली तिनं त्याला हाकललं, आणि अनुयायांना बाजू निवडावी लागली. म्हणून गटाची परीक्षा त्याच्या विचारसरणीवरून करू नये, बाहेर पडणाऱ्याशी तो कसा वागतो यावरून करावी. जातपंचायतीचा कणाच वाळीत टाकण्याच्या भीतीचा असतो. तिच्याविरुद्ध मोहीम चालवून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली मंजूर करवून घेण्यात अंनिसच्या ज्या कार्यकर्त्यांचा वाटा आहे, त्यांनी आपल्या शाखेतून राजीनामा दिलेल्या माणसाला लग्नाचं आमंत्रण जातं का, तेही पाहावं.

आणि वेळापत्रकही पाहावं. सत्संग, पारायण, भजनी मंडळ हे बहुधा दुपारी असतं, घरातली कामं आटोपल्यावर, शाळा सुटायच्या आत. लहान मूल सोबत आणलं तर चालतं, कुणीतरी ते धरतं. विवेकवादी मंडळाची बैठक संध्याकाळी सातला असते, ऐन स्वयंपाकाच्या वेळी. मग बायका का येत नाहीत यावर तिथे जमलेले पुरुष तासभर चर्चा करतात.